दोन बंदुकांमधला रानराखा

२०२४ सालच्या मार्चअखेरीस वसईच्या किल्ल्यात एक बिबट्या आला आणि जवळपास पंचवीस दिवस तेथेच राहिला. पिंजरे लावले गेले, झाडाझुडपांत कॅमेरे बसवले गेले. वनखात्याची माणसे रात्र रात्र पडक्या तटांपाशी बसून राहिली आणि अखेर एप्रिलमध्ये तो पिंजऱ्यात सापडला. त्या दिवसांत कोळीवाड्यापासून आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षककक्षापर्यंत बोलण्याला दुसरा विषय नव्हता. बिबट्या कोठून आला, काय खातो, कोणी पाहिला, सारे काही चर्चेत होते. रात्रपाळी करणारी ती माणसे मात्र त्या चर्चेत कोठेही नव्हती.

आमच्यापैकी काहींना या प्रसंगाने वेगळ्याच दिशेने विचार करायला लावले. ज्या किल्ल्यात हे घडले, तो युद्धाचा किल्ला आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने तो पोर्तुगीजांकडून घेतला. सुरुंग, शिड्या, पडलेले बुरूज, दोन्ही बाजूंची मनुष्यहानी हा सारा इतिहास आम्हांला पाठ आहे. त्या वेढ्याच्या काळात तुंगारेश्वराच्या डोंगरातील श्वापदांचे काय झाले असेल, हा प्रश्न मात्र कोणत्याही बखरीला पडलेला नाही आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही तो कधी पडला नव्हता. युद्धाचा इतिहास माणसे लिहितात आणि माणसांविषयीच लिहितात. रान हे त्या इतिहासात फार तर सैन्याने ओलांडलेले एक अंतर असते.

प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो हाच: माणसे एकमेकांवर बंदुका रोखून उभी असताना रानातल्या मुक्या जिवांचे काय होते, त्यांना राखण्यासाठी तेथे कोण थांबते, आणि थांबणाऱ्याचे काय होते. हा प्रश्न जगभर गाजला तो आफ्रिकेतील गोरिलांच्या निमित्ताने. त्याचे एक उत्तर मात्र आपल्याच राज्यात, गडचिरोलीच्या जंगलात, गेली चार दशके लिहिले जात आहे. मराठी वाङ्मयाचे विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून ते वाचण्याची जबाबदारी आपण कितपत पार पाडली, हे या निमित्ताने तपासावे, असा आमचा हेतू आहे.

एका कादंबरीचा तास

व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. वानरांच्या टोळ्या, प्रदेशासाठी चाललेली झुंज, नव्या नराने जुन्या नराची पिल्ले मारणे या सर्वांतून सत्तेचे आदिम रूप कसे प्रकटते, याची टिपणे आमच्या वहीत तयार असतात. १९८३ साली या कृतीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हेही आम्ही न चुकता सांगतो. एका तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, की या कादंबरीतले वानर ज्या रानात राहतात ते रान राखतो कोण, आणि तो माणूस कादंबरीत का नाही? आम्ही तेव्हा शास्त्रशुद्ध उत्तर दिले: लेखकाने मनुष्यविरहित विश्व उभे करण्याचा संकल्प केला आहे, त्यामुळे तसा माणूस तेथे येणे कलादृष्ट्या अनुचित ठरले असते. उत्तर चूक नव्हते, पण त्याने प्रश्न संपलाही नाही. एका कादंबरीपुरती ही कलेची निवड म्हणता येते. तोच माणूस आपल्या एकूण वाङ्मयातून गैरहजर असेल, तर त्या गैरहजेरीचे कारण कलेपलीकडे शोधावे लागते.

विरुंगाचा दाखला

मध्य आफ्रिकेत काँगो, रवांडा आणि युगांडा या तीन देशांच्या सीमा जेथे मिळतात, तेथे ज्वालामुखींची एक रांग आहे. डोंगरी गोरिलांचे वास्तव्य प्रामुख्याने या रांगेत आणि युगांडातील ब्विंडीच्या अरण्यात आहे. काँगोच्या बाजूचे विरुंगा राष्ट्रीय उद्यान १९२५ साली, बेल्जियन वसाहतीच्या काळात, स्थापन झाले. आफ्रिका खंडातील हे सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान होय. त्याच्या स्थापनेमागे कार्ल एकली या अमेरिकन संग्रहकाचा आग्रह होता. १९२१ साली संग्रहालयासाठी गोरिला मारायला आलेला हा मनुष्य त्यांच्या रक्षणाचा पुरस्कर्ता होऊन परतला. बंदूक घेऊन रानात गेलेल्याचे मन पालटण्याची ही कथा मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये.

पुढचा इतिहास युद्धांचा आहे. डायन फॉसी या संशोधिकेने १९६७ साली काँगोच्या बाजूने गोरिलांचा अभ्यास आरंभला, तेव्हा काही महिन्यांतच तेथील बंडाळीमुळे तिला तो प्रदेश सोडावा लागला. मग रवांडाच्या बाजूस तिने आपले केंद्र उभारले आणि १९८५ च्या डिसेंबरात तेथेच तिचा खून झाला. १९९४ साली रवांडात वंशसंहार झाला आणि लाखो निर्वासितांचे लोंढे विरुंगाच्या कडेला येऊन राहिले. त्यांना चुलीसाठी सरपण हवे होते, आणि सरपण उद्यानातच होते. त्याच वर्षी युनेस्कोने हे स्थळ धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत घातले. त्यामागोमाग काँगोतील युद्धे आली, नाना नावांच्या सशस्त्र टोळ्या आल्या आणि उद्यानातील झाडांपासून कोळसा पाडून शहरांत विकण्याचा धंदा फोफावला.

२००७ सालच्या जुलैत रुगेंडो नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुटुंबातील गोरिलांना गोळ्या घालण्यात आल्या. सेन्क्वेक्वे हा कुटुंबप्रमुख नर त्यांत मारला गेला. मांसासाठी किंवा कातड्यासाठी ही हत्या झालेली नव्हती, प्रेते तशीच टाकून दिलेली होती. कोळशाच्या धंद्याला आड येणाऱ्या रक्षकांना दिलेला तो इशारा होता, असा अर्थ त्या वेळी लावला गेला. गावकऱ्यांनी त्या अवाढव्य नराचे कलेवर लाकडांच्या डोलीवर बांधून खांद्यांवरून वाहून आणल्याचे छायाचित्र जगभर प्रसिद्ध झाले. ते पाहिलेल्याला अंत्ययात्रेची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बंडखोरांनी उद्यानाचा गोरिलांचा भाग ताब्यात घेतला आणि रक्षकांना तेथून निघावे लागले. एक वर्षाहून अधिक काळ त्यांना आपले प्राणी दिसले नाहीत. २००८ च्या अखेरीस, युद्ध पुरते थांबलेले नसतानाच, वाटाघाटी करून ते परत गेले. त्यांनी माणसांना सरावलेल्या गोरिलांची मोजणी केली तेव्हा ७२ ची संख्या ८१ झाल्याचे आढळले. युद्धात सारे नष्टच होते, अशी आपली समजूत असते. ही नोंद तिला छेद देते. संपूर्ण ज्वालामुखी रांगेतील गोरिलांची गणना १९८१ साली २५४ होती, २०१६ च्या सुमारास ती ६०४ वर गेली. ब्विंडीतील धरून आता हा आकडा हजाराच्या वर गेला आहे. २०१८ साली 'अतिसंकटग्रस्त' या वर्गातून त्यांना 'संकटग्रस्त' या वर्गात आणण्यात आले.

मात्र या बेरजेच्या समोर एक वजाबाकी लिहिली पाहिजे. विरुंगाच्या दोनशेहून अधिक रक्षकांनी आजवर कर्तव्यावर असताना प्राण गमावले आहेत. एप्रिल २०२० मधील एकाच हल्ल्यात बारा रक्षक मारले गेले, जानेवारी २०२१ मध्ये आणखी सहा. उद्यानाचे प्रमुख एमान्युएल द मेरोद यांच्यावर एप्रिल २०१४ मध्ये रस्त्यात गोळीबार झाला, ते वाचले. मृत रक्षकांच्या विधवांसाठी उद्यानाच्या मुख्यालयात शिवणकामाचा उद्योग चालवला जातो. २०२२ पासून पुन्हा बंडखोरांनी उद्यानाच्या मोठ्या भागावर ताबा मिळवला आणि जानेवारी २०२५ मध्ये जवळचे गोमा शहरही त्यांच्या हाती गेले. म्हणजे जो प्रयोग २००८ मध्ये झाला, तो पुनःपुन्हा करावा लागतो आहे: सत्ता कोणाचीही असो, रानात जाण्याची वाट मोकळी ठेवा, एवढेच मागणे घेऊन रक्षकाने बंदूकधाऱ्यापुढे उभे राहायचे.

गडचिरोली: रान आधी कोणाचे होते?

विरुंगावरून गडचिरोलीकडे वळताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. दोन्ही ठिकाणी जंगल आहे, बंदुका आहेत आणि दुर्मीळ प्राणी आहे, एवढ्यावरून तुलना पूर्ण होत नाही. गडचिरोलीच्या संघर्षाचे मूळच मुळी वनव्यवस्थेत आहे, हे विसरून तेथील वनरक्षकाविषयी लिहिणे म्हणजे अर्धा इतिहास लिहिणे होय.

ब्रिटिशांनी १८७८ आणि १९२७ च्या कायद्यांनी जंगल सरकारी मालकीचे केले. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणारा आदिवासी आपल्याच रानात अतिक्रमणदार ठरला. कायदा दूर राजधानीत झाला, पण आदिवासीच्या दारात तो आला वनखात्याच्या सर्वांत खालच्या नोकराचे रूप घेऊन. काटकी तोडली म्हणून दंड, मोहाची फुले वेचली म्हणून दमदाटी, सरकारी कामावर वेठ, जाताना एखादी कोंबडी. हे आम्हांला गडचिरोलीपर्यंत जाऊन शिकण्याची गरज नाही. आमच्याच जिल्ह्याच्या उत्तरेस, तलासरी-डहाणूच्या पट्ट्यात, १९४५ साली वारल्यांचा उठाव झाला. त्याची कहाणी गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात सांगितली आहे. जमीनदाराबरोबरच जंगलाच्या ठेकेदाराविरुद्धही तो लढा होता. जंगल म्हणजे सौंदर्य ही आम्हां शहरवासीयांची समजूत आहे, वारल्याच्या आठवणीत जंगल म्हणजे वेठही आहे.

१९८० च्या सुमारास आंध्रातून गोदावरी-प्राणहिता ओलांडून नक्षलवादी पथके तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात आली. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. या पथकांनी प्रथम हात घातला तो तेंदूपानांच्या पुड्याच्या भावाला, बांबूतोडीच्या मजुरीला आणि वनखात्याच्या जाचाला. पहिला पाठिंबा त्यांना मिळाला तो याच कारणाने. लाकडाचे डेपो जाळले गेले, वनखात्याच्या इमारती जाळल्या गेल्या. पुढे संघर्ष पोलीस आणि नक्षलवादी यांच्यातला झाला. २००९ साली मर्केगाव आणि लाहेरी येथे पोलीस मोठ्या संख्येने मारले गेले. २०१८ च्या एप्रिलमध्ये इंद्रावतीच्या काठी आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याच्या जंगलात नक्षलवादी मोठ्या संख्येने मारले गेले. या दोन्ही मृत्युसूचींच्या मधल्या कोऱ्या जागेत सामान्य माडिया-गोंड माणूस होता. खबऱ्या म्हणून एका बाजूने मारला जाणारा आणि साथीदार म्हणून दुसऱ्या बाजूने पकडला जाणारा.

त्याच कोऱ्या जागेत वनरक्षकही होता. त्याची अवस्था नीट समजून घेण्यासारखी आहे. त्याच्या अंगावर खाकी असते, पण हाती पोलिसांसारखे शस्त्र नसते. खाकी घालावी तर दुरून तो पोलीस दिसतो, न घालावी तर लाकूडचोरापुढे त्याला अधिकार उरत नाही. त्याचे नियतक्षेत्र पायी फिरण्याचे, गस्त एकट्यादुकट्याने करण्याची, मुक्काम गावातच. पोलिसांना ठाण्याचे तटबंद आवार असते, त्याला नसते. आणि सर्वांत अवघड गोष्ट ही, की ज्या जाचाच्या इतिहासातून हे युद्ध उगवले, त्या इतिहासाचा वारस म्हणूनच गाव त्याच्याकडे पाहते. तो स्वतः बहुधा तितकाच गरीब, अनेकदा आदिवासीच. ज्या पापाचा तो वाटेकरी नाही, त्याचा जाब त्याला द्यावा लागतो.

रानम्हशीचे नशीब

गडचिरोलीचा गोरिला म्हणजे रानम्हैस. ही उपमा आम्ही केवळ लेखाच्या सोयीसाठी वापरत नाही. रानम्हैस हा जगभर संकटग्रस्त मानलेला प्राणी आहे. जगातील तिची एकूण संख्या चार हजारांच्या आत असावी, असा अंदाज आहे आणि त्यांतील बहुतांश आसामात आहेत. मध्य भारतातील रानम्हशी ही त्यांपासून फार दूर पडलेली, अगदी मूठभर उरलेली शाखा आहे. छत्तीसगडचा हा राज्यप्राणी, पण तेथील उदंती अभयारण्यात एक वेळ अशी आली की एकच मादी उरली. तेव्हा या शाखेचे भवितव्य उरले ते इंद्रावतीच्या दोन्ही तीरांवर, आणि दोन्ही तीर युद्धभूमी होते.

पलीकडच्या तीरावर इंद्रावती व्याघ्र प्रकल्प आहे, क्षेत्रफळ सुमारे २८०० चौरस किलोमीटर. २००६ साली देशभर वाघांची नव्या पद्धतीने गणना झाली, तेव्हा नक्षलवादी हालचालींमुळे तेथे पाहणीच करता आली नाही. कागदावर व्याघ्र प्रकल्प आणि प्रत्यक्षात वर्षानुवर्षे वनाधिकाऱ्यांचे पाऊल न पडलेला प्रदेश, अशी त्याची स्थिती होती. अलीकडच्या तीरावर, अहेरी तालुक्यात, कमलापूर वनपरिक्षेत्रात कोलामार्काचे जंगल आहे. महाराष्ट्रातील रानम्हशींचा हा शेवटचा आसरा. २०१३ साली सुमारे १८० चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र 'संवर्धन राखीव' म्हणून घोषित झाले.

या शब्दप्रयोगाकडे वाचकांनी लक्ष द्यावे, अशी विनंती आहे. 'अभयारण्य' म्हटले की गावाला पहिली शंका येते ती आपल्याला उठवणार काय, ही. 'संवर्धन राखीव' हा वर्ग वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आला आणि त्यात स्थानिक लोकांशी विचारविनिमय करणे व त्यांचे हक्क अबाधित ठेवणे अभिप्रेत आहे. युद्धाच्या प्रदेशात प्राणी राखायचा असेल तर गावाला शत्रू करून चालत नाही, हे शहाणपण त्या एका संज्ञेत सामावलेले आहे. ज्या रानात सरकारी गाडी जाऊ शकत नाही, तेथे स्थानिक तरुणच जाऊ शकतो. रानम्हशीचा माग, तिचे पाणवठे, पाळीव गुरांत मिसळण्याचा तिचा धोका, गुरांचे रोग तिला लागण्याची भीती, हे सारे त्याला ठाऊक असते. पुस्तकातून आलेले ज्ञान त्याच्या मागून चालते.

रानम्हशींवर याआधी आणखी एक संकट येऊन गेले होते आणि त्यात बंदूक नव्हती. गोदावरीवरील इंचमपल्ली आणि इंद्रावतीवरील भोपालपट्टणम या प्रस्तावित धरणांमुळे हे सारे जंगल आणि त्यातली माडियांची गावे पाण्याखाली जाणार होती. १९८० च्या दशकात बाबा आमटे यांनी त्याविरुद्ध आंदोलन उभे केले. जंगल आणि माणूस यांचे रक्षण एकाच घोषणेत मांडणारे हे आंदोलन होते. ती दोन्ही धरणे त्या वेळी झाली नाहीत. आज रानम्हशीच्या पाऊलठशांची नोंद कोणी घेत असेल, तर त्या नोंदीच्या मागे हे न झालेले धरणही आहे, हे इतिहासकाराने ध्यानी ठेवले पाहिजे. जे टळले, त्याचीही इतिहासात जागा असते.

आईला बिलगलेली दोन पिल्ले

विरुंगा आणि गडचिरोली यांना जोडणारे एक दृश्य आम्हांला सतत दिसत राहते. २००७ च्या एप्रिलमध्ये विरुंगाच्या रक्षकांना एक दोन महिन्यांची गोरिलाची मादी सापडली. गोळी लागून मेलेल्या आईच्या अंगाला ती बिलगून होती. आंद्रे बाउमा या रक्षकाने तिला रात्रभर छातीशी धरून ऊब दिली. एनडाकासी हे तिचे नाव. ती चौदा वर्षे जगली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच रक्षकाच्या कुशीत तिने प्राण सोडला.

दुसरे दृश्य भामरागड तालुक्यातील हेमलकशाचे. बाबा आमटे यांनी १९७३ साली तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहायला गेले. शिकार करून परतणाऱ्या माडियांच्या काठीला लटकवलेली एक माकडीण त्यांना दिसली, तिच्या अंगाला तिचे जिवंत पिल्लू चिकटलेले होते. डॉ. आमटे यांनी ते पिल्लू मागून घेतले आणि बदल्यात धान्य दिले. प्राण्यांचे अनाथालय म्हणून आज जे ओळखले जाते, त्याची सुरुवात ही आहे.

दोन पिल्ले, दोन मेलेल्या आया. पण यांतला फरक पुसून टाकला तर आपण मोठी चूक करू. विरुंगातील आईला मारणाऱ्याने तिचे काहीच नेले नाही, भूक हे तिच्या मृत्यूचे कारण नव्हते. हेमलकशाच्या वाटेवरची आई भुकेपोटी मारली गेली होती. म्हणून पहिल्या ठिकाणी तपास आणि शस्त्रधारी पहारा हे उत्तर होते, दुसऱ्या ठिकाणी धान्य हे उत्तर होते. डॉ. आमटे यांनी शिकाऱ्याला गुन्हेगार ठरवले असते, तर पिल्लूही गेले असते आणि माणूसही. त्यांनी उपचार केले, भाताचे नि भाजीचे पीक घ्यायला शिकवले, शाळा काढली. त्यानंतर शिकारीत सापडलेली जिवंत पिल्ले लोक आपण होऊन प्रकल्पात आणून देऊ लागले. पुढे आजूबाजूला युद्ध पेटले, तरी हा प्रकल्प तेथून हलला नाही. दवाखान्यात येणाऱ्याला तो कोणत्या बाजूचा, हे विचारले जात नव्हते, म्हणूनच ते शक्य झाले असावे.

वाङ्मयातील नोंदी आणि वगळणी

आता आमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मराठी वाङ्मयाने या साऱ्याची नोंद कशी घेतली?

अगदीच घेतली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. विलास मनोहर यांच्या नावावर दोन पुस्तके आहेत, ती आम्हांला एकत्र ठेवून वाचावीशी वाटतात. 'नेगल' मध्ये हेमलकशाच्या प्राण्यांसोबतचे सहजीवन आहे आणि 'एका नक्षलवाद्याचा जन्म' मध्ये त्याच प्रदेशातील माणूस बंदुकीपर्यंत कसा पोहोचतो, याची कहाणी आहे. एकाच लेखकाने, एकाच रानात राहून, बिबट्याविषयी आणि बंडखोराविषयी लिहावे, ही आपल्या वाङ्मयातील दुर्मीळ घटना आहे. अभ्यासक्रमात मात्र पहिले पुस्तक 'प्राणिविषयक ललित' या खणात आणि दुसरे 'आदिवासी जीवनावरील कादंबरी' या खणात जाते. आमच्या वर्गीकरणाने जे तोडले, ते त्या रानात कधीच तुटलेले नव्हते.

मारुती चितमपल्ली यांचे उदाहरण याहून बोलके आहे. ते स्वतः वनखात्यात होते. नवेगाव, नागझिरा, मेळघाट ही त्यांच्या नोकरीची आणि लेखनाचीही ठिकाणे. २००६ साली सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात त्यांचे निधन झाले. वनाधिकाऱ्याने मराठी भाषेला पक्ष्यांची, झाडांची, रानातल्या हालचालींची किती तरी नावे दिली. तरीही आम्ही त्यांना 'निसर्गलेखक' म्हणून वाचले, वनखात्याचा साक्षीदार म्हणून वाचले नाही. त्यांच्या 'चकवाचांदण' या आत्मचरित्रात नोकरी आहे, बदल्या आहेत, हाताखालचे आणि वरचे लोक आहेत. तो भाग आम्ही भरभर ओलांडून पक्ष्यांच्या वर्णनापाशी जाऊन थांबतो, ही आमच्या वाचनाची सवय आहे.

आणि चितमपल्ली अधिकारी होते. नियतक्षेत्रातल्या वनरक्षकाचे, त्याहून खालच्या वनमजुराचे, पाणवठ्यावर पहारा देणाऱ्या रोजंदारीच्या तरुणाचे मराठी आत्मकथन आमच्या शिकवण्यात आणि वाचनात कोठेच नाही. दलित आत्मकथनांनी मराठी वाङ्मयाला शिकवले की अनुभव ज्याचा, शब्दही त्याचे हवेत. तो धडा आम्ही परीक्षेत विचारतो. रानाच्या बाबतीत मात्र शब्द अजून पाहुण्याचेच आहेत, अधिकाऱ्याचे, शिकाऱ्याचे, प्रवाशाचे किंवा आमच्यासारख्या प्राध्यापकाचे.

राखणाऱ्याला कोण राखतो?

इतिहासाचे दाखले एकत्र मांडले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. आसामातील मानस उद्यान १९८५ साली जागतिक वारसास्थळ झाले. त्यानंतर लवकरच बोडो आंदोलनाच्या हिंसेत वनचौक्या उद्ध्वस्त झाल्या, रक्षक मारले गेले आणि शंभराच्या आसपास असलेले गेंडे नामशेष झाले. १९९२ ते २०११ अशी एकोणीस वर्षे ते धोक्यातील यादीत राहिले. ते सावरले ते २००३ च्या करारानंतर, जेव्हा स्थानिक बोडो तरुण आणि कालचे शिकारी देखील रखवालीला उभे राहिले. विरुंगात रक्षक वाटाघाटी करून परतले म्हणून गोरिला मोजले गेले. आपल्याकडे धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि रान राखणे हे सरकारी नोकराचे काम न राहता ग्रामसभेचे काम झाले. तिन्ही ठिकाणी रक्षक टिकला तो गावाच्या पाठबळावर. ज्या रक्षकामागे गाव नाही, त्याच्यामागे कितीही शस्त्रे उभी केली तरी तो एकटाच असतो.

याचा अर्थ त्याला राज्याने काही देऊ नये, असा नव्हे. गस्तीला सोबत, वेळेवर वेतन, विमा, जखमी झाल्यास उपचार, मृत्यू झाल्यास कुटुंबाचा सांभाळ, या साध्या गोष्टी आहेत आणि त्यांच्याविना शौर्याची भाषणे पोकळ ठरतात. ११ सप्टेंबर हा राष्ट्रीय वनशहीद दिन म्हणून २०१३ पासून पाळला जातो. १७३० साली राजस्थानातील खेजडली गावी झाडांसाठी प्राण देणाऱ्या बिष्णोई स्त्रीपुरुषांचे त्यात स्मरण आहे. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबात व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीसाठी पायी फिरणाऱ्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने मारले. तेथे युद्ध नव्हते, तरी मरण होते. मर्दिनटोल्याची चकमक त्याच महिन्यातली. एकीचे वृत्त राज्यभर महिनाभर गाजले, दुसरे काही दिवसांत मागे पडले. आपल्या स्मरणशक्तीचाही एक उतरंडीचा क्रम आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवादी नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. युद्ध ओसरत असल्याचे ते चिन्ह मानले गेले. पण इतिहासाचा विद्यार्थी येथे थोडा थबकतो. बंदुकांच्या भीतीने ज्या रानात रस्ता, खाण आणि ठेकेदार जाऊ शकत नव्हते, तेथे आता ते सारे जाऊ शकतील. शांतता ही रानम्हशीला युद्धापेक्षा सुखाची ठरेल की नाही, हे शांततेत रान कोणाच्या हाती राहते, यावर ठरणार आहे. आणि त्या वेळी पुन्हा मधोमध उभा असेल तो वनरक्षकच, समोर बंदुकीऐवजी कदाचित कागदपत्रे घेतलेला माणूस असेल एवढेच.

वसईच्या पूर्वेला तुंगारेश्वर आहे. २००३ साली अभयारण्य झालेले, सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे हे रान. त्याच्या पायथ्याशी आदिवासी पाडे आहेत आणि पाड्यांना खेटून आमची वाढती नगरे. तेथे बंदुका नाहीत, तेथला रखवालदार सुखात आहे, असे मानून आम्ही श्रावणात दर्शनाला जातो आणि परत येतो. येत्या वर्षी एम. ए.च्या विद्यार्थ्यांना आम्ही प्रकल्पलेखनासाठी एक विषय देण्याचे ठरवले आहे: तेथील वनरक्षकांशी आणि पाड्यांतील वृद्धांशी बोलावे, दोघांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्याव्यात आणि त्या शेजारी शेजारी ठेवाव्यात. त्या एकमेकींशी जुळणार नाहीत, हे आम्ही धरून चाललो आहोत. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तेव्हा कलाशास्त्रात शोधले, ते बहुधा या न जुळणाऱ्या आठवणींत सापडेल. किल्ल्यात बिबट्यासाठी जागलेल्या माणसांची नावे विचारण्यापासून या कामाला सुरुवात करता येईल. ती आम्ही अजून विचारलेली नाहीत.